माझा अनुभव : व्हॅनचा फोम आणि वाया गेलेले २४ दिवस

व्हॅनमध्ये झोपता यावं म्हणून आम्ही ती आतून तयार करायला घेतली. तिच्या पत्र्यावर टिचकी मारली की रिकामं पिंप वाजल्यासारखा आवाज यायचा. गंज घासून काढणं, वायरी ओढणं, खिडकी कापणं हे सगळं सुरळीत पार पडलं. डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणाऱ्या चिकट शीट, तर एका दुपारीच लागल्या. त्यांच्याबद्दल एवढंच सांगतो, की अख्खा पत्रा झाकत बसू नका. प्रत्येक चौकटीच्या मध्यावर साधारण २५ टक्के भागावर ब्युटिल रबराची शीट रोलरने दाबून बसवली की टिचकीचा आवाज 'ठक्क' असा मेलेला येतो. त्यावर आणखी लावाल ते बहुतेक नुसतं वजन. डांबरी शीट स्वस्त असते, पण उन्हात वास मारते आणि छतावरून सुटून लोंबते.

घोडं अडलं ते थंडी अडवायला लावायच्या फोमपाशी.

मला क्लोज्ड सेल, म्हणजे बंद पेशींचाच फोम हवा होता. गाडीत दोन माणसं झोपली की त्यांच्या श्वासातली वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते, पत्र्याला अक्षरशः घाम सुटतो. बंद पेशींचा फोम पत्र्याला घट्ट चिकटवला तर वाफ तिथवर पोचतच नाही. उघड्या पेशींचा फोम आवाज छान शोषतो, पण ओलही धरतो आणि मग गंज आतल्या आत चरत राहतो. म्हणून विक्रेत्याला तीनदा विचारलं. तीनदा उत्तर आलं, "हो, क्लोज्ड सेलच आहे."

माल आला, मी उत्साहात दोन पॅनल चिकटवलेसुद्धा. मग हातातल्या तुकड्यावर सहज फुंकर मारली, तर पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला. पोटात गोळाच आला. १० सेंटिमीटरचा चौकोन कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, भरला ९ ग्रॅम. रात्रभर पाण्यात दगडाखाली दाबून ठेवला. सकाळी ११४ ग्रॅम!

तक्रार केली. उत्तर आलं, वेष्टनावरच्या लेबलचा फोटो पाठवा. वेष्टन केव्हाच भंगारात गेलं होतं. मग "आमचे तज्ज्ञ बघतील." मग "वापरलेला माल परत घेत नाही." दर वेळी नवा माणूस, आणि मी पुन्हा पहिल्यापासून फुंकर, काटा, दगड. तुकडा पिळून पाण्याची धार काढल्याचा व्हिडिओ पाठवला, तर सल्ला मिळाला की फोम कोरड्या जागी वापरावा. अहो, कोरडी जागा असती तर मी क्लोज्ड सेल मागितला कशाला असता? गाडी उघड्या अंगाने उभी, मी रोज मेल बघतोय. २४व्या दिवशी न वापरलेले गठ्ठे नेले आणि पैसे परत दिले. दोन पॅनलचा खर्च माझ्या माथी. ते खरवडायला अख्खा रविवार गेला, आणि नखांत गोंद राहिला तो वेगळाच.

तेव्हा आधी नमुना मागवा, रात्रभर बुडवा, मगच गठ्ठा घ्या. आणि पॅनल लागेपर्यंत वेष्टन टाकू नका.

आता आठवतंय तसं सांगतो. गोंद फोम आणि पत्रा दोन्हींना लावा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडा, दारं सताड उघडी ठेवून. दारांच्या तळाशी पाणी निथळायची भोकं असतात, ती बुजवू नका. बुडबुड्यांची चंदेरी शीट पत्र्याला चिकटवून लावाल तर उपयोग जवळपास शून्य, तिच्या चकचकीत बाजूसमोर हवेची फट लागते. आडव्या-उभ्या बरगड्या उघड्या राहिल्या तर थंडी तिथूनच आत येते. आणि हो, चाकांवरच्या कमानी! डॅम्पिंग शीटचा हात तिथे सढळ असू द्या. रस्त्याची घरघर बरीचशी तिथूनच येते, हे मला उशिरा कळलं.

खरवडलेला फोम मी टाकला नाही. गाडी धुवायला वापरतो. पाणी मात्र झकास धरतो.