जुन्या डेटाबेसातली मोडलेली मराठी: खुणा ओळखा, मगच हात लावा

होस्टिंग बदलले, साइट नव्या सर्व्हरवर चढवली, आणि जुने लेख उघडले तर मराठीचा पत्ताच नाही. ओळीच्या ओळी रोमन ए, येनच्या खुणा, अंशाची चिन्हे, मधूनच युरो. अशा वेळी घाईने कुठून तरी एक आज्ञा उचलून डेटाबेसवर चालवली जाते आणि खरे नुकसान तिथे होते. त्या क्षणापर्यंत मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो. मोडलेल्या मराठीला स्वतःचे व्याकरण आहे. ते वाचता आले, तर चूक कोणत्या टप्प्यावर झाली आणि अक्षरे परत मिळतील की नाही, हे दुरुस्तीआधीच कळते.

यूटीएफ-८मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे संगणकात साठवायच्या आजच्या रूढ पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे धरली जातात. हे बाइट हेक्स, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत लिहिले, तर पहिला बाइट कायम ई०. दुसरा ए४ किंवा ए५: अनुस्वार, स्वर, व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी ए४मध्ये, दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त, दंड आणि देवनागरी अंक ए५मध्ये. हेच बाइट कोणी विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय तक्त्याने वाचले, की ई० म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए, ए४ म्हणजे चार कोपऱ्यांना काड्या असलेले चलनाचे वर्तुळ आणि ए५ म्हणजे येन. ‘मराठी’ हा शब्द घ्या. प्रत्येक अक्षरामागे रेघवाला ए येतोच. पुढे म चा होतो गोलातला आर, र ची अंशाची खूण, कान्याचा पाऊणचा अपूर्णांक, ठ ची मोकळी जागा, आणि दीर्घ वेलांटीसाठी येनपाठोपाठ युरो. पाच चिन्हांची पंधरा झाली, पण एकही बाइट हरवलेला नाही. ही खूण दिसली की मजकूर परत येण्याची आशा भक्कम आहे.

इतकी वर्षे साइट नीट दिसत होती, मग आताच काय झाले? दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. मायएसक्यूएल या डेटाबेसाचा मूळ कॅरॅक्टर सेट, म्हणजे बाइटांवरून अक्षरे ठरवणारा तक्ता, ५.७ आवृत्तीपर्यंत लॅटिन१ (मायएसक्यूएलमध्ये तो म्हणजे जवळपास विंडोज-१२५२च) होता, ८.०मध्ये तो यूटीएफ८एमबी४, म्हणजे पूर्ण यूटीएफ-८, झाला. साइट चालवणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीत डेटाबेसाशी होणाऱ्या जोडणीचा कॅरॅक्टर सेट ठरवणारी सेटिंग २००७च्या २.२ आवृत्तीपासून आली. त्याआधी उभ्या केलेल्या साइट यूटीएफ-८चे बाइट पाठवत, डेटाबेस ते लॅटिन१ समजून ठेवी आणि लॅटिन१ म्हणूनच परत देई. ब्राउझरला जसेच्या तसे बाइट मिळत, म्हणून मराठी सुंदर दिसे. नव्या सर्व्हरवर जोडणी यूटीएफ८एमबी४ झाली आणि डेटाबेसाने इमानदारीने ‘लॅटिन१’चे रूपांतर करून दिले. दोनपैकी एक चूक सुधारली की दुसरी उघडी पडते.

पडद्यावर काय दिसते यावर निदान करू नका. पडदा, जोडणी, टर्मिनल, ब्राउझर यांपैकी कोणीही मधे रूपांतर करू शकतो. डेटाबेसातल्या हेक्स फंक्शनला विचारा; ते साठवलेले बाइट अंकांत दाखवते, त्यामुळे मधे कोणी बदल करू शकत नाही. म शोधा. ई० ए४ एई दिसले आणि कॉलम लॅटिन१ असेल, तर बाइट बरोबर आहेत, फक्त पाटी (कॉलमवर नोंदलेला कॅरॅक्टर सेट) चुकीची लागली आहे. सी३ ए० सी२ ए४ सी२ एई दिसले, तर मजकूर दोनदा एन्कोड झाला आहे. ‘मराठी’ हा शब्द १५ बाइटांऐवजी ३१ बाइट घेऊ लागला की दुसरा प्रकार समजा (युरोच्या खुणेला तीन बाइट लागतात, म्हणून ३० नव्हे, ३१). आणि नुसते ३एफ ३एफ ३एफ दिसले, तर ती खरीखुरी प्रश्नचिन्हे आहेत. लिहितानाच देवनागरी लॅटिन१मध्ये कोंबली गेली आणि तिथून काहीही परत येणार नाही. मात्र पडद्यावर प्रश्नचिन्हे आणि हेक्समध्ये ई० ए४, असेही होते. तिथे फक्त जोडणीची सेटिंग चुकलेली असते.

हात लावण्याआधी बॅकअप घ्या. मायएसक्यूएल डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एक फाइल, काढताना डीफॉल्ट कॅरॅक्टर सेट ‘बायनरी’ द्या, म्हणजे बॅकअप घेतानाच रूपांतर होणार नाही. डंपची फाइल साध्या एडिटरात उघडून पुन्हा सेव्ह करू नका.

पहिल्या प्रकारात, म्हणजे पाटी चुकली असताना, सर्वांत मोठा सापळा आहे ‘कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट’ ही आज्ञा. नावावरून तीच हवी असे वाटते. पण ती लॅटिन१ची पाटी खरी मानते आणि प्रत्येक बाइटाचे प्रामाणिक रूपांतर करते. म्हणजे पहिल्या प्रकारातला सोपा रोगी दुसऱ्या प्रकारात जातो. योग्य वाट दोन टप्प्यांची आहे. कॉलमचा प्रकार आधी बायनरी करायचा: लाँगटेक्स्टचा लाँगब्लॉब, टेक्स्टचा ब्लॉब, व्हारकॅरचा व्हारबायनरी. बायनरीला कॅरॅक्टर सेट नसतो, त्यामुळे पाटी गळून पडते आणि बाइट तसेच राहतात. मग तोच कॉलम पुन्हा मूळ प्रकारात आणायचा, या वेळी यूटीएफ८एमबी४ सांगून. कॉलमवर फुलटेक्स्ट इंडेक्स (मजकुरात शोधण्यासाठीची सूची) असेल तर तो आधी काढा, शेवटी परत घाला. इंडेक्स लांब पडतो अशी तक्रार आली तर कारण साधे आहे: मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत पूर्वी इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट, एका अक्षराला चार धरले तर १९१ अक्षरे. वर्डप्रेसने २०१५च्या ४.२ आवृत्तीत यूटीएफ८एमबी४कडे जाताना इंडेक्स १९१वर आणले ते याच हिशेबाने.

दुसऱ्या प्रकारात मजकुराचेच उलटे रूपांतर करावे लागते: आधी लॅटिन१मध्ये कन्व्हर्ट, त्याला कास्ट करून बायनरी, आणि त्या बायनरीला यूटीएफ८एमबी४ म्हणून कन्व्हर्ट. इथे जीव मुठीत धरून काम करावे असा धोका एकच, तो म्हणजे सरमिसळ. जुने लेख दोनदा एन्कोड झालेले आणि स्थलांतरानंतर लिहिलेले नवे लेख ठणठणीत. सगळ्या टेबलावर एकदम ही आज्ञा चालवली, तर ठणठणीत लेखांतली देवनागरी लॅटिन१मध्ये मावणार नाही आणि त्यांची प्रश्नचिन्हे होतील. म्हणून अट घाला: हेक्समध्ये सी३ ए० सी२ ए४ किंवा सी३ ए० सी२ ए५ असलेल्याच ओळी. आधी अपडेट न करता फक्त सिलेक्ट चालवून निकाल वाचा. जिथे निकाल नल (रिकामा) येईल ती ओळ बाजूला काढा. तिथे एखादे अक्षर मधेच तुटलेले आहे, बहुधा मर्यादेबाहेर गेल्याने शेवट कापला गेला आहे. एकाच लेखात अर्धे बरोबर आणि अर्धे मोडके असेल, तर तो हाताने करा. दुसरा उपाय शोधत बसू नका.

मराठीची खरी कसोटी पुढे आहे. विंडोज-१२५२ तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. मायएसक्यूएलचा लॅटिन१ आणि ब्राउझर या जागांवर अदृश्य नियंत्रण-चिन्ह ठेवून बाइट जपतात. पण मोडलेला मजकूर कोणी कॉपी करून दुसरीकडे चिकटवला, किंवा काटेकोर विंडोज-१२५२ वापरणाऱ्या स्क्रिप्टमधून नेला, तर हे बाइट गळतात किंवा स्क्रिप्ट तिथेच थांबते. ८१ म्हणजे चंद्रबिंदू आणि ऱ्हस्व उकार. ८डी म्हणजे ऍ आणि हलन्त. ८एफ ए, ९० ऐ, ९डी झ. हलन्त गेला म्हणजे मराठीतले प्रत्येक जोडाक्षर गेले. त्यात भर म्हणजे ठ चा तिसरा बाइट ए०, न तुटणारी मोकळी जागा, जी ‘स्वच्छता’ करणारे प्लगइन साध्या जागेत बदलून टाकतात. आणि भ चा तिसरा बाइट एडी, अदृश्य संयोगचिन्ह, जे कॉपी करताना नाहीसे होऊ शकते. म्हणून दुरुस्तीनंतर ‘ठीक दिसते’ म्हणून थांबू नका. कुठे, अभ्यास, झुडूप, ऐक, एक्का असे शब्द शोधून पाहा. सगळे लेख बरे आणि फक्त ठ, झ, उकार यांच्या जागी चौकटीतले प्रश्नचिन्ह, असे दिसले तर मजकूर वाटेत कुठेतरी डेटाबेसाबाहेर जाऊन आला आहे. पायथनमध्ये काम करायचे असेल तर एफटीएफवाय ही लायब्ररी या रिकाम्या जागांचा विचार करते. नुसते साधे डीकोड-एन्कोड करू नका.

शीर्षकांची प्रश्नचिन्हे झाली असतील तर एक दार उघडे असते, आणि ते फार जणांना सुचत नाही. वर्डप्रेस मराठी शीर्षकावरून लेखाच्या पत्त्याचा शेवटचा भाग, म्हणजे स्लग बनवते. तो टक्क्याच्या खुणांनी एन्कोड करून साध्या रोमन अक्षरांत साठवला जातो, म्हणून कॅरॅक्टर सेटच्या कोणत्याही अपघातातून तो वाचतो. एका चिन्हाला नऊ जागा लागतात आणि स्लगचा कॉलम २०० जागांचा, म्हणजे सुमारे २२ चिन्हे, काना-मात्रांसह. तेवढे शीर्षक तिथून उलगडून परत मिळते. शब्द मधेच तुटेल, कधी शेवटी लोंबता हलन्त राहील, पण कोणता लेख होता हे कळायला ते पुरते. मजकुरासाठी मग इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तो पत्ता टाकून पाहायचा.

आणखी एक प्रकार यात मिसळला जातो, पण त्याचा डेटाबेसाशी संबंध नाही. रेघवाला ए नाही, येन नाही, साधीच इंग्रजी अक्षरे पण अर्थ शून्य, असा मजकूर म्हणजे जुन्या फाँटातली मराठी. कृतिदेव ०१०मध्ये ‘मराठी’ म्हणजे छोटे ई, जे, के, मोठा बी आणि छोटा एच. इथे कॅरॅक्टर सेट बदलून काही होणार नाही. त्या फाँटचा तक्ता असलेला कन्व्हर्टरच लागतो. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार तपासा. या फाँटांत वेलांटी व्यंजनाआधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमके उलटे.

मायएसक्यूएलच्या जुन्या तीन-बाइटी ‘यूटीएफ८’वर समाधान मानू नका. देवनागरी त्यात मावते, म्हणून चूक कळत नाही. चार बाइटांचे चिन्ह आले, की सैल (चुका न अडवणाऱ्या) मोडमध्ये तिथून पुढचा सगळा मजकूर कापला जातो. इमोजी हे रोजचे उदाहरण. पण २०१४मध्ये युनिकोड ७.०त आलेली मोडी लिपीही चार बाइटांचीच आहे. मोडी कागदपत्रांचे लिप्यंतर मूळ अक्षरांसह मांडणाऱ्या साइटला यूटीएफ८एमबी४शिवाय गत्यंतर नाही.

सगळे पार पडल्यावर दोन शब्द जोडीने शोधा: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. जुन्या मजकुरात दुसऱ्या शब्दातला र बऱ्याचदा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचे अदृश्य जोडचिन्ह असा लिहिलेला असतो. या चिन्हाचे बाइट ई२ ८० ८डी, म्हणजे शेवटी पुन्हा तीच रिकामी जागा. अदृश्य चिन्हे पुसणाऱ्या प्लगइनने ते उडवले की सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि शुद्धलेखन तपासणीला त्यात काहीच चूक दिसत नाही. मजकूर अजून शाबूत असेल तर र-हलन्त-जोडचिन्ह या तिकडीच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त घाला. तसेच अ-जोडचिन्ह-चंद्र या जुन्या पद्धतीऐवजी एकसंध ॲ. बदल वर्डप्रेसच्या कमांड-लाइनमधल्या सर्च-रिप्लेसनेच करा, कारण सेटिंग्जच्या सीरियलाइझ केलेल्या (एका ओळीत बांधून ठेवलेल्या) मजकुरात बाइटांची लांबी नोंदलेली असते आणि ते साधन ती नव्याने मोजते. आधी ड्राय-रन, म्हणजे काही न बदलता केलेली चाचणी, आणि बदललेल्या ओळींची संख्या पाहून मग खरी आज्ञा.