तुम्ही विचारलंत म्हणून : चाळिशीत बॅले सुरू करता येतं का?

हा प्रश्न सहसा जोडीनं येतो. आधी विचारतात, ‘वय चाळीस, अंग कडक, खाली वाकलं तर हात जमिनीला टेकत नाहीत, आता बॅले जमेल का?’ आणि मग जरा आवाज खाली आणून, ‘ते टोकावर उभं राहायचे बूट कधी मिळतात?’ दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो, कारण ते पहिल्यावर अवलंबून आहे.

पहिल्याचं उत्तर : हो, जमतं. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स १९२० पासून बॅले शिकवते आहे. २०१७ मध्ये त्यांनी पंचावन्नच्या पुढच्या लोकांसाठी ‘सिल्व्हर स्वान्स’ नावाचे वर्ग सुरू केले, आणि त्यात जन्मात कधी न नाचलेले लोकही येतात. तेव्हा चाळिशीत फार उशीर झालाय, हे मनातून काढून टाका. व्यावसायिक रंगमंच मिळणार नाही, ते उघड आहे. पण व्यवस्थित प्लिए (गुडघे वाकवणं), स्वच्छ तांद्यू (पाय जमिनीवरून सरकवत ताणणं), एक नीट पिरुएत (एका पायावरची फिरकी) आणि हलकी उडी, एवढं मिळतं. ते थोडं नाही.

सगळ्यांची काळजी असते ती स्प्लिटची. माझ्या मते ती काळजी चुकीच्या जागी आहे. मोठ्या माणसाचं वेळापत्रक ठरवते ती पोटरी, टाचेवरची जाड शीर आणि तळपाय. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरू लागतो, पण त्याला हाडाशी जोडणारा कंडरा महिने घेतो. डोकं मात्र पहिल्याच दिवशी सगळं समजलेलं असतं. तिसऱ्या आठवड्यात ‘मला आता दम लागत नाही’ म्हणून माणूस उड्या वाढवतो आणि सहाव्या आठवड्यात टाच दुखते म्हणून घरी बसतो, ते या तफावतीमुळे.

आता पाय बाहेर वळवण्याबद्दल, म्हणजे टर्नआउटबद्दल, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. वळण खुब्यातून यायला हवं. ते किती येणार हे खुब्याच्या खोबणीचा आकार आणि मांडीच्या हाडाचा पीळ ठरवतात, आणि मोठेपणी हाड बदलत नाही. बहुतेकांना प्रत्येक खुब्यात चाळीस ते पन्नास अंश मिळतात. म्हणजे टाचा जुळवून उभं राहिलात की दोन पावलांत ऐंशी ते शंभर अंशांचा कोन होईल. सुरुवातीला तेवढा पुष्कळ आहे. पोस्टरवरचा एकशेऐंशीचा कोन बघून पावलं तिथे नेली, की उरलेलं वळण गुडघा आणि घोटा भरून काढतात. घोटा आत कलतो, तळपायाची कमान जमिनीवर बसते, अंगठ्याच्या मुळाशी गाठ धरू लागते आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणका सुरू होतो.

एक लबाडी जवळजवळ प्रत्येक जण नकळत करतो : आधी गुडघे वाकवायचे, त्या अवस्थेत पावलं हवी तेवढी उघडायची आणि मग गुडघे सरळ करायचे. वाकलेला गुडघा नडगीला थोडं फिरू देतो, सरळ झाला की तो कुलूपबंद होतो. सगळा पीळ तिथेच अडकतो. उलट क्रमानं करा. पावलं समांतर, टाचा जुळलेल्या, गुडघे सरळ. वजन टाचांवर घेऊन पुढचे पंजे जरा उचला, मांड्या खुब्यातून बाहेर फिरवा आणि पंजे जिथे येतील तिथे खाली ठेवा. ती तुमची पहिली पोझिशन. डावी-उजवीकडचं वळण सारखं नसलं तर कमी असलेल्या बाजूचं माप धरा. मग टाचा न उचलता गुडघे वाकवा, म्हणजे डेमी-प्लिए करा, आणि खाली बघा : गुडघ्याची वाटी अंगठ्याशेजारच्या बोटाच्या वर यायला हवी. ती अंगठ्याच्या आत पडत असेल तर पावलं कमी उघडा. दर वर्गाच्या सुरुवातीला ही तपासणी करायला अर्धा मिनिट लागतो.

बारचा, म्हणजे आधाराच्या आडव्या दांड्याशी उभं राहून करायच्या व्यायामांचा, क्रम जगभर थोड्याफार फरकानं एकच असतो : प्लिए, तांद्यू, मग तेच पाऊल जमिनीवरून किंचित सुटेल अशा वेगानं, मग जमिनीवर पायानं काढलेली अर्धवर्तुळं, फोंद्यू (एका पायावर सावकाश वाकून वर येणं), फ्रापे (पावलाचा झटपट फटका), पाय सावकाश उचलणं आणि शेवटी मोठे झोके. या क्रमाला कारण आहे. सांधे आधी तापतात, पाऊल आधी जागं होतं आणि पाय वर जातो तो त्यानंतर. नव्वद मिनिटांच्या वर्गात बार पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं चालतो. नवशिक्यांच्या वर्गात तो तासभर चालला तरी बिघडत नाही.

यातला तांद्यू जवळून बघा, कारण बाकी पुष्कळ पावलांचं मूळ त्यात आहे. पाय जमिनीवरून सरकत बाहेर जातो. आधी टाच सुटते, मग चवडा आणि शेवटी फक्त बोटांची टोकं जमिनीला लागून राहतात. परतताना बरोबर उलट : बोटं, चवडा, टाच. मधला चवड्याचा टप्पा गाळला की तो तांद्यू नुसता पाय पुढे-मागे करणं होतं, आणि उडीतून उतरताना जो टप्पा झटका झेलणार तोच शिकायचा राहतो. दुसरी चूक बोटं आकडा करून आत वळवण्याची. घोटा पुरेसा ताणला जात नाही म्हणून बोटांचे स्नायू त्याचं काम अंगावर घेतात, आणि मग तळपायात गोळा येतो. गोळा आला की थांबा, बोटं वर ओढून धरा, सुटल्यावर कमी जोरानं करा. पाऊल ‘टोकदार’ करण्यापेक्षा ‘लांब’ करा, ही सूचना जास्त लागू पडते. पहिले दोन-तीन महिने बारकडे तोंड करून, दोन्ही हात बारवर, चार मात्रांत बाहेर आणि चार मात्रांत आत. मग दोन-दोन. एक-एक नंतर.

हात बारवर ठेवायचा असतो, बार धरायचा नसतो. कोपर सैल, हात शरीराच्या किंचित पुढे. दर व्यायामाच्या शेवटी चार मात्रा हात उचलून बघा. तोल गेला तर वजन बारवर होतं. घरी सराव करणाऱ्यांनी खिडकीचं ग्रिल वापरू नये, उभ्या सळ्या दिसल्या की हात ओढायला लागतो. स्वयंपाकघरातला ओटा जरा बुटका पडतो पण चालतो. प्लास्टिकची खुर्ची नको, ती तुमच्याबरोबर येते.

महाराष्ट्रात येणाऱ्यांपैकी पुष्कळांनी लहानपणी भरतनाट्यम किंवा कथक केलेलं असतं. त्यांचा फायदा मोठा आहे : लय पक्की, पाठ सरळ, पाठांतर चांगलं. पण दोन्हीकडच्या सवयी वेगवेगळ्या जागी आडव्या येतात. भरतनाट्यमवाल्यांना अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवलेल्या अर्ध्या बैठकीत, बसून राहायची सवय असते. प्लिएमध्ये बसायचं नसतं, तळाशी पोचता पोचताच वर येणं सुरू झालेलं असतं. शिवाय वाकलेल्या गुडघ्यात त्यांचं वळण उत्तम असतं आणि गुडघा सरळ झाला की निम्मं गळतं, म्हणून त्यांना प्लिएपेक्षा सरळ पायाचा तांद्यू जास्त द्यावा. कथकवाल्यांना चक्करमुळे नजर एका जागी रोवून डोकं शेवटी फिरवणं आधीच येतं, जे इतरांना शिकवायला महिने लागतात. मात्र चक्कर टाचेवर, बहुतेक वेळा डावीकडे; पिरुएत चवड्यावर, टाच शक्य तेवढी उंच, आणि दोन्ही बाजूंना. टाच खाली राहिली की फिरकी अर्ध्यात अडते. आणखी एक गंमत समेची. पुढे वेग वाढतो तेव्हा तांद्यूचा पाय मात्रेच्या आधी, ‘अँड’वर बाहेर जातो आणि ‘एक’वर बंद होतो. समेवर काहीतरी सुरू व्हायला हवं असं वाटणाऱ्याला हे आठवडाभर उलटं वाटतं, मग अचानक बसतं.

पिरुएतबद्दल जास्त लिहीत नाही, कारण बहुतेकांची पिरुएत फिरण्यात बिघडत नाही, उभं राहण्यात बिघडते. एका पायाच्या चवड्यावर, दुसरं पाऊल गुडघ्याशी लावून चार मात्रा स्थिर राहता येत नसेल तर फिरू नका. येत असेल तर आधी पाव, मग अर्धी, मग पूर्ण. खांदा मागे नेऊन झोका घेणाऱ्याचा अक्ष पहिल्या पावातच मोडतो.

आता जमीन. आपल्याकडचे बहुतेक हॉल काँक्रीटवर टाइल्स किंवा कोटा घातलेले असतात. बॅलेच्या खोलीत खाली लवचिक लाकडी चौकट आणि वर न घसरणारं व्हिनाइल लागतं. उतरताना घोट्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो आणि काँक्रीट त्यातला काहीच घेत नाही. काँक्रीटवर नुसतं व्हिनाइल अंथरलं तर घसरणं थांबतं, धक्का थांबत नाही. वर्ग निवडताना फीच्या आधी जमीन विचारा. जमीन कडक असेल तर बार आणि मधले सावकाश व्यायाम करा, उड्या सोडा. चांगल्या जमिनीवरही सुरुवात बारकडे तोंड करून आठ छोट्या उड्यांनी, आणि प्रत्येक उडीनंतर टाच जमिनीला टेकलीच पाहिजे. टाच अधांतरी ठेवून उड्या मारत राहिलं की नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागतं. ते दुखणं ‘सवय होईल’ म्हणून अंगावर काढायचं नसतं.

आठवड्यातून एक वर्ग म्हणजे आहे ते टिकवणं. पुढे सरकायचं तर दोन, आणि मधल्या दिवशी घरी दहा मिनिटं : दोन्ही पायांवर टाचा उचलणं बारा वेळा, खाली येताना तीन मोजत, बोटं सपाट ठेवून तळपायाची कमान उचलणं दहा वेळा, दात घासताना एका पायावर तीस सेकंद. टॉवेल बोटांनी गोळा करण्याचा व्यायाम सगळीकडे सुचवतात. ज्याची बोटं आधीच आकडा होतात त्याला मी तो देणार नाही. सोफ्याखाली पाऊल अडकवून वाकवणं तर कुणीच करू नये. ताण देणं वर्गानंतर, अंग तापलेलं असताना.

मोठ्यांना शिकवणाऱ्यांनीही विचारलं आहे, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. पहिले काही महिने पूर्ण खोल प्लिए वर्गाच्या सुरुवातीला ठेवू नका. थंड गुडघ्यांना तो नको असतो. एका व्यायामात चारपेक्षा जास्त गोष्टी नकोत, नाहीतर पाय थांबतात आणि डोकं आठवत बसतं. एका वेळी एकच दुरुस्ती. ‘पोट आत, पार्श्वभाग खाली’ ही सूचना मोठ्या माणसावर जपून वापरा : तो कंबर पुढे दुमडून घेतो, त्यानं खुब्याचं वळण बंद होतं आणि गुडघे वाकलेले राहतात. ‘डोक्याचा मागचा भाग वर’ म्हटलं तर तेच काम कमी नुकसानीत होतं. मोठी माणसं ‘का?’ विचारतात; एका वाक्यात कारण द्या आणि पुढे चला. हात लावून दुरुस्त करण्याआधी विचारा, दर वेळी. आणि एकाच परंपरेची नावं धरा. अरबेस्कचेच (एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणण्याचे) क्रमांक बघा : रशियन वागानोवा पद्धतीत चार, इटालियन चेक्केटी पद्धतीत पाच, रॉयल अकॅडमीत तीन. विद्यार्थी यूट्यूबवर तिन्ही बघून येतो आणि ‘दुसरा अरबेस्क’ म्हटल्यावर वर्गात तीन आकार उभे राहतात.

साध्या बुटांचं एकच सांगतो. सुरुवातीला अखंड तळाचे घ्या. दोन तुकड्यांच्या तळाचे पाऊल सुंदर दाखवतात, पण अखंड तळ वाकवायला पावलाला काम करावं लागतं. मोजे घालून टाइल्सवर सराव नको.

आणि आता दबक्या आवाजातला प्रश्न : टोकावर उभं राहायचे, म्हणजे पॉइंटचे, बूट कधी? आठवड्याला दोन-तीन वर्ग नियमित केले तर बहुतेकांना दोन-तीन वर्षं लागतात, काहींना पॉइंट कधीच योग्य नसतो. वर्षांपेक्षा चाचणी महत्त्वाची. गुडघा सरळ ठेवून एका पायावर पूर्ण उंचीपर्यंत टाच वीस-पंचवीस वेळा उचलता येते का? पाऊल ताणल्यावर नडगी आणि पावलाची वरची बाजू एका रेषेत येतात का? येत नसतील तर बुटाच्या टोकावर पूर्ण पोचताच येत नाही, माणूस टोकाच्या मागच्या कडेवर लोंबकळत राहतो आणि सगळा ताण घोट्यामागे जातो. पहिला जोड ऑनलाइन मागवू नका. बोटांची लांबी, चवड्याची रुंदी, वजन पडल्यावर पाऊल किती पसरतं, हे बघून शिक्षकासमोर बसवावा लागतो. जुन्या पद्धतीच्या बुटाचं टोक कापडाचे थर खळीनं चिकटवून केलेलं असतं, लाकडाचं नसतं. घामानं आणि दमट हवेनं ते मऊ पडतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ते आणखी लवकर बसतं. वर्ग झाला की बूट पिशवीत कोंबू नका, आतली पॅडिंग काढून पंख्याखाली वाळवा. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. टोक दाबल्यावर बोटाखाली दबत असेल तर त्या जोडावर उभं राहू नका, मग वरचं सॅटिन कितीही नवं दिसो.