शिलंगणाच्या वाटेवरचा चास

घटस्थापनेला वावरातून आणलेल्या काळ्या मातीत पेरलेले धान नऊ दिवसांत वीतभर वाढते, मात्र देवघराच्या अंधारात ऊन न मिळाल्याने ते हिरवे न होता पिवळे राहते. दसऱ्याला त्याच पिवळ्या अंकुरांचा तुरा टोपीत खोवून देगलूरकडच्या आमच्या गावातली माणसे शिलंगणाला निघतात. आजोबांचे लक्ष मात्र आपट्याच्या फांद्यांपेक्षा विजेच्या तारांकडेच अधिक असे. चास पक्षी पाहिल्याखेरीज ते घराकडे वळत नसत आणि तोवर आमच्या खिशातल्या सोन्याचा चुरा झालेला असे.

तेलंगणाची हद्द आमच्या शिवारापासून फार दूर नाही. तिकडे हाच पक्षी ‘पालापिट्ट’ या नावाने राज्यपक्षी आहे आणि दसऱ्याला त्याचे दर्शन घेण्याची चाल तिकडेही आहे. 1948 पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या एकाच राज्यात असल्यामुळे ही चाल कोणी कोणाकडून उचलली, या वादात मी पडत नाही. पिंजऱ्यात धरून आणलेल्या पक्ष्याचे दर्शन घेणे मात्र मला मुळीच मान्य नाही, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यालाही ते मान्य नाही.

चास बसलेला असतो तेव्हा इतका मातकट दिसतो की नजर त्याच्यावरून सहज पुढे सरकते. पंख उघडले की मग आकाशी आणि गडद निळ्या रंगांचे पट्टे एकदम उलगडतात. लोक त्याला नीळकंठ म्हणतात खरे, पण त्याचा गळा निळा नसून जांभळट-तपकिरी असतो. देवाचे नाव देण्याच्या घाईत गळा कोणी नीट पाहिलेला दिसत नाही.

दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची काढणी होते, रान मोकळे होते आणि पिकात दडलेले नाकतोडे उघड्यावर येतात. तारेवर बसून जमिनीवरचे भक्ष्य हेरणाऱ्या या पक्ष्याला आणखी काय हवे? गेल्या दसऱ्याला परतीच्या पावसाने आभाळ भरून आले, तेव्हा शिलंगण सोडून आम्ही सोयाबीनच्या बनमीवर, म्हणजे कापून रचलेल्या ढिगावर, ताडपत्री ओढत होतो आणि त्या ओढाताणीत माझ्या टोपीतला तुरा कुठे पडला ते कळलेही नाही. चास समोरच्या खांबावर येऊन बसला होता. आमच्या पायांनी उठलेले तीन-चार नाकतोडे त्याने टिपले आणि बांध ओलांडून तो शेजारच्या वावरात गेला.