कमांडमधली गंमत कुठे बसलीय ते बघा

कमांडमध्ये लपवलेल्या गमती कामाच्या मशीनवर ठेवाव्यात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाशिकमध्ये लिनक्स शिकायला येणारी मुलं हमखास विचारतात, "सर, ही लपवलेली गंमत कामाच्या मशीनवर चालते का?" चालते. फक्त तिचं उत्तर कोण वाचणार, माणूस की दुसरा प्रोग्राम, हे आधी बघायचं.

फाइलींची यादी दाखवणारी 'एलएस' कमांड टाइप करताना बोटं उलटली की 'एसएल' होतं. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एसएल' करून ठेवा (सुडो म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, 'रूट'च्या, हक्काने कमांड चालवणं), मग चुकलात की स्क्रीनवरून वाफेचं इंजिन जातं. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर रूट होऊन टाकलंत तर 'कमांड नॉट फाउंड' येतं, कारण ती यूएसआरखालच्या गेम्स फोल्डरमध्ये असते आणि तो रूटच्या पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, नसतो.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत 'इम्पोर्ट धिस' लिहिलं की पायथनचे एक जुने प्रोग्रामर टिम पीटर्स यांची तत्त्वं छापून येतात. म्हणायला 20, लिहिलेली 19च. साधं-स्पष्ट लिहा असं सांगणारा हा मजकूर फाइलमध्ये मात्र प्रत्येक अक्षर 13 घरं सरकवून ठेवलाय! मला यातली ही सगळ्यात सुंदर वाटते. त्याच सेशनमध्ये पुन्हा इम्पोर्ट केलंत तर काहीच दिसत नाही. मॉड्यूल एकदाच चालतं, पुढे आठवणीतलंच वापरलं जातं.

आता फसलेली गंमत. 'मॅन' या कमांडची माहितीपानं दाखवणाऱ्या कमांडमध्ये 2011 साली ॲबाच्या 'गिमी गिमी गिमी (अ मॅन आफ्टर मिडनाइट)' या पॉप गाण्यावरचा श्लेष घातला गेला: मध्यरात्रीनंतर बरोबर साडेबाराला, पान न सांगता ती चालवली की 'गिमी गिमी गिमी'. हे शब्द एररच्या वाटेने बाहेर पडायचे. 2017 मध्ये कुणाच्या तरी आपोआप चालणाऱ्या चाचण्या फक्त 00:30 वाजता नापास होऊ लागल्या आणि गंमत काढून टाकावी लागली. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात रात्रपाळीची स्क्रिप्ट अशी अडली, तर सकाळी साडेनऊला चालवून पाहणाऱ्याला दोष सापडणारच नाही.

पासवर्ड चुकल्यावर सुडो मारतो ते टोमणे मात्र खुशाल लावा, पासवर्ड चुकवणारा तिथे माणूसच असतो. आधी दुसऱ्या खिडकीत रूट शेल उघडी ठेवा. मग 'व्हिसुडो -एफ' ने ईटीसीतल्या सुडोअर्स डॉट डी फोल्डरात नवी फाइल करून 'डीफॉल्ट्स इन्सल्ट्स' एवढी एकच ओळ लिहा. फाइलच्या नावात टिंब नको; टिंब असलेली फाइल सुडो मुकाट्याने वगळतो आणि मुलं तासभर चूक शोधत बसतात. साध्या एडिटरने तर करूच नका, व्याकरण चुकलं तर सुडोच अडून बसू शकतो. झालं की आधी दिलेला पासवर्ड विसरायला लावणारी 'सुडो -के' चालवा, मग कुठलीही सुडो कमांड देऊन मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन बघा.