फारसी लगावली : शाहनाम्याकडून हाफिजकडे

फारसी काव्यातलं मुतकारिब हे वृत्त आता हातात बसलंय. फिर्दौसीच्या शाहनामा या महाकाव्यातले बैत (दोन ओळींचे श्लोक) एकामागून एक मांडून पाहिले, सगळीकडे एकच लगावली (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू): लगागा लगागा लगागा लगा. भुजंगप्रयातातला शेवटचा गुरू काढला की फिर्दौसी! मनाचे श्लोक पाठ असतील त्यांना वेगळी शिकवणी नको.

फारसी कवी सादीच्या 'गुलिस्तान'मधली (१२५८) ती सुप्रसिद्ध ओळही याच मापाची:

बनी आदमाज़ाए यक दीगरंद

माणसं एकमेकांचे अवयव आहेत, असा अर्थ. 'ए' ऱ्हस्व धरा, शेवटचा 'द' मोजू नका. मग 'मना सज्जना'च्या चालीत म्हणून बघा. कोल्डप्ले या बँडच्या २०१९च्या 'एव्हरीडे लाइफ' अल्बममध्ये 'बनी आदम' याच नावाचा तुकडा आहे, नावही फारसी लिपीतच छापलेलं. बैत गायलेला नाही, वाचलाय. मला तो फिका वाटला. पियानो गोड आहे, पण लगागाची उडी हरवते.

खरी मजा फारसी कवी हाफिजच्या गझलेत आली.

जुल्फ बर बाद मदे ता नदही बर बादम

(केस वाऱ्यावर सोडू नकोस, नाहीतर माझी धूळधाण होईल.) लगावली गालगागा ललगागा ललगागा गागा. फारसी छंदशास्त्रात 'जुल्फ', 'बाद' असल्या शब्दांना तीन मात्रांचं अतिदीर्घ अक्षर मानून खास नियम सांगतात. देवनागरीत लिहिलं की नियमाची गरजच उरत नाही: जुल्-फ, बा-द, दोन्ही सरळ गाल. कवी माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक आणि 'छंदोरचना' या वृत्तशास्त्रावरच्या ग्रंथाचे कर्तेही होते, ते उगाच नाही.

हीच गझल इराणी गायक मोहसिन नामजूनं 'तुरंज' अल्बममध्ये (२००७) सेतार या इराणी तंतुवाद्यावर, ब्लूजच्या वळणानं गायली आहे. तो अक्षरं ओढतो, चावतो, तरी माप कानाला सापडतं. इराणी शास्त्रीय गायक शजरियान यांच्याकडे उलटं. त्यांच्या 'आवाज़' नावाच्या गायकीत ताल नसतोच, लय शब्दांच्या लघु-गुरूंवरच चालते. सहा शतकांहून जुनी गझल तरुण पोरं आज गुणगुणतात त्यात अर्थाइतकाच या मापाचा हात आहे, असं माझं मत. (नुसत्या अनुवादावर रूमी वाचणाऱ्यांशी यावर वाद होतोच.)

पुढचा मुक्काम ज़ूरख़ाना. या इराणी तालमीत मुर्शिद (म्होरक्या) उंच बैठकीवरून ज़र्ब (ढोल) वाजवत शाहनामा म्हणतो आणि खाली पैलवान मुद्गलासारखे मील फिरवतात. तिथे मुतकारिब ठेक्यात कसं बसवतात ते ऐकायचंय. कुणाकडे स्वच्छ ध्वनिमुद्रण असेल तर कळवा. मोबाइलवरच्या चित्रफितींत मुर्शिदाच्या घंटेपुढे शब्दच ऐकू येत नाहीत.