हॅम रस्त्याचा टप्पा तपासताना : माझा अनुभव

हायब्रीड अ‍ॅन्युइटी, म्हणजे हॅमच्या कामात खासगी कंपनी (कन्सेशनर) सरकारसाठी रस्ता बांधते आणि बोलीच्या रकमेपैकी 40 टक्के सरकार बांधकाम चालू असतानाच देतं. उरलेले 60 टक्के रस्ता सुरू झाल्यावर 15 वर्षांत सहामाही हप्त्यांनी. बांधकामातले हप्ते प्रत्यक्ष प्रगतीच्या टप्प्यांना बांधलेले असतात. हे काम तपासणाऱ्या स्वतंत्र अभियंत्याच्या टीममध्ये काम करताना माझं मत पक्कं झालं की सरकारची खरी पकड याच हप्त्यांवर आहे. पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो (ठरलेल्या कामांसाठीच राखलेल्या) खात्यात जमा झाल्यावर नुसती पत्रापत्री उरते.

टप्प्याच्या हप्त्यासाठी अर्ज आला की मी टक्केवारीआधी स्ट्रिप चार्ट, म्हणजे रस्त्याच्या लांबीवर कुठे किती काम झालं हे दाखवणारा तक्ता उघडतो. मातीकाम झटपट होतं, म्हणून आकडा गाठायला भराव लांबवर पसरलेला असतो आणि पूल, मोऱ्या मागे पडलेल्या. असा उघडा भराव एका पावसाळ्यात भिजला की वरचा थर उकरून पुन्हा दाबावा लागतो. तो दोनदा मोजला जाणार नाही, हे बघावं लागतं.

त्यानंतर आरएफआय, म्हणजे थर झाकण्याआधी केलेली तपासणीची मागणी. त्यात चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), थराचा क्रमांक, लेव्हल, चाचणीचा निकाल, सही. मी खालच्या थराची मंजुरी आणि वरच्या थराची तारीख शेजारी ठेवून बघतो. डब्ल्यूएमएम (ओल्या खडीमिश्रणाचा थर) मंजूर होण्याआधीच त्यावर डीबीएम (डांबरी थर) पडलेलं दिसलं, तर तो तुकडा कोअर (थराचा गोल नमुना) काढून, खड्डा घेऊन सिद्ध होईपर्यंत मोजणीबाहेर.

दाबाईत भरावाला कमाल शुष्क घनतेच्या 95 टक्के आणि सबग्रेडला (भरावाच्या सर्वात वरच्या थराला) 97 टक्के लागतात. ही घनता वाळूच्या चाचणीने मोजतात : थरात खड्डा घेऊन निघालेल्या मातीचं वजन करायचं आणि खड्ड्यात किती वाळू मावते त्यावरून त्याचं आकारमान काढायचं. या चाचणीत स्वतः उभं राहावं. खड्ड्यातून परत गोळा केलेली वाळू न चाळता, न वाळवता वापरली तर निकाल फसवा येतो. ओली वाळू फुगते, खड्ड्यात वजनाने कमी मावते. त्यामुळे खड्डा हिशेबात लहान ठरतो आणि घनता खऱ्यापेक्षा जास्त दिसते. शेजारी रोलर चालू असेल तर उलटं होतं : हादऱ्याने वाळू जास्त बसते, घनता कमी दिसते आणि कन्सेशनरवर अन्याय होतो. म्हणून चाचणी होईपर्यंत रोलर बंद.

सर्वात जास्त वेळ मी पुलाच्या टोकाच्या भिंतीमागच्या, म्हणजे अ‍ॅबटमेंटमागच्या भरावाला देतो. मोठा रोलर तिथे पोहोचत नाही, पातळ थर घेऊन प्लेट कॉम्पॅक्टरने दाबावं लागतं. घाईत जाड थर टाकतात, पृष्ठभागावरची चाचणी पास होते, आणि वाहतूक सुरू झाल्यावर पुलाच्या तोंडाशी रस्ता खचतो. इथे प्रत्येक थराची चाचणी मागावी, फक्त शेवटच्या थराची नाही.

देखरेख एकतर्फी मात्र नसावी. नियत तारखेला, म्हणजे कराराप्रमाणे काम सुरू होण्याच्या दिवशी, 80 टक्के जागा मिळते. उरलेल्या जागेचा ताबा, विजेचे खांब, जलवाहिन्या हे सगळं सरकारी बाजूचं. प्रत्येक अडथळ्याचं चेनेज आणि ताब्याची तारीख मासिक अहवालात त्याच महिन्यात नोंदवावी. मुदतवाढीचा दावा येतो तेव्हा दोन्ही बाजू स्वतःच्या सोयीच्या तारखा काढतात आणि त्या महिन्याची नोंद नसेल तर लवादात सरकारकडे दाखवायला काही राहत नाही.

हप्ता देण्याच्या शिफारस पत्रात वगळलेले तुकडे चेनेजनिशी आणि कारणासह लिहावेत. नुसती टक्केवारी लिहिली की पुढच्या टप्प्यात तेच तुकडे न तपासता आत येतात.