ऑइल भरलेलं, तरी इंजिन जाम

माझ्या गॅरेजसमोर टेम्पोतनं गाडी उतरवली तेव्हा वाटलं, नेहमीचंच प्रकरण. १२५ सीसीची, वाऱ्यानं थंड होणाऱ्या इंजिनाची मोटारसायकल, दोन्ही अंगांना दुधाच्या कॅनचे हुक, किक दगडासारखी घट्ट. दूधवाले मामा रोज पहाटे ४० लिटरचे दोन कॅन घेऊन कोल्हापुरात येतात. वाघबीळच्या चढाला आवाज करत गाडी बसली ती बसलीच.

"सर्व्हिस सेंटरवाले म्हणत्यात, वॉरंटी संपून तेवीस दिवस झाल्यात. एकतीस हजार सांगितलं. आणि वर, तुम्ही लोड जास्त टाकता, ऑइल बघत नाही..." मामांना पैशांपेक्षा हे शेवटचं लागलं होतं.

मी ऑइलची कांडी काढून पुसली, परत घातली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत! ऑइल संपून इंजिन जाम झालेली गाडी मी डोळे झाकून ओळखतो, ही तसली नव्हती. म्हटलं, "मामा, उघडतो, पण तुमच्यासमोर. आणि जुनी बिलं आणा." दूध सोसायटीच्या पावत्यांच्या पिशवीत सगळी बिलं होती.

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोललं. व्हॉल्व्ह हलवणारा कॅम ओरबाडलेला, त्याच्यावरचा रॉकर तापून निळा पडलेला. पिस्टनला दोन्ही बाजूंनी रेघा, त्याचं अ‍ॅल्युमिनियम बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेलं. म्हणजे वर ऑइल पोचतच नव्हतं. क्लच कव्हर काढून खालची ऑइलची जाळी ओढली, तर तिच्यावर करड्या रबराच्या शेवया. सिलिकॉन, म्हणजे गळती थांबवायला सांध्याला लावतात ती पेस्ट. कव्हरखालच्या पॅकिंगला ते जास्त थापलं की कव्हर आवळताना बाहेर येतं तसं आतही येतं; बाहेरचं आपण पुसतो, आतलं सुटून ऑइलबरोबर फिरतं आणि जाळीवर जाऊन बसतं. पंपाला ऑइल ओढता येत नाही. हेड सगळ्यात लांब, म्हणून आधी तेच कोरडं पडतं.

बिलं चाळली. चार महिन्यांपूर्वी, वॉरंटीत असतानाच, त्याच सर्व्हिस सेंटरला क्लच प्लेटा बदललेल्या. त्यानंतर कव्हरला कुणाचा हात लागलेला नव्हता. मामांची पुतणी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं मला आधी तिथंच थांबवलं. जाळी धुवायची नाही, पिशवीत सीलबंद ठेवायची. मग फोटो आणि जॉबकार्ड (केलेल्या कामाची नोंद) जोडून सर्व्हिस सेंटरला आणि कंपनीला पत्र पाठवलं. मुद्दा वॉरंटीचा नव्हताच, पैसे घेऊन केलेल्या कामातल्या चुकीचा होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशा तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, हे मला तिच्याकडनंच कळलं. वीस वर्षं गॅरेजात नटबोल्टांवर पाने फिरवतोय, पण हे ठाऊक नव्हतं.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. सोळा दिवसांनी त्यांचा माणूस गॅरेजवर आला, पिशवीतली जाळी उजेडात धरून बघितली, फारसं बोलला नाही. हेड, कॅम, ब्लॉक-पिस्टन फुकट द्यायचं ठरलं, मजुरी मामांची. चूक झाली असं मात्र कुठं लिहून दिलं नाही. पिस्टनखालचा फिरता दांडा, क्रँक, मी उद्यमनगरातल्या वर्कशॉपात दाखवून आणला. नशिबानं त्याला पिस्टनशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला खेळ (ढिलेपणा) नव्हता. तोवर मामा मेहुण्याच्या स्कूटरवर एकेकच कॅन आणत होते.

खरं सांगायचं तर तीच सिलिकॉनची ट्यूब माझ्याही फळीवर होती. गळती नको म्हणून मीही ती सढळ हातानं लावत आलोय. कव्हर बसवायच्या दिवशी मामा स्टूल टाकून समोरच बसले. पॅकिंग नवं होतं, ते कोरडंच बसवलं.